शाळेचे पहिले आठ दिवस आणि बालकाची माता

जूनच्या मध्यास आपल्या जिल्ह्यातील शाळा उघडतात. त्याच सुमारास कपाशी, मका व तुरीच्या पेरण्या सुरू होतात. मूल पदर सोडीत नाही आणि पेरणी खोळंबून चालत नाही, अशा ओढाताणीत माता शाळेच्या दारी उभी असते. पुष्कळदा ती मुलाची नजर चुकवून निघून जाते. दुसऱ्या दिवशी मूल तिला अधिकच बिलगते. हा हट्ट नव्हे. विश्वास डळमळल्याचा तो परिणाम होय.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आपणही चार पावले पुढे जावे.

शिक्षकबंधुभगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) प्रवेशापूर्वी घरी जाऊन मुलाचे लाडके नाव जाणून घ्यावे व पहिल्या दिवशी त्याच नावाने हाक मारावी.

(२) मातेस मुलाचा निरोप घेऊनच जाण्यास सांगावे. ‘पाच वाजता’ हे मुलास उमगत नाही. ‘खिचडी झाली, गोष्ट झाली, की आजी न्यायला येईल’ हे उमगते. मात्र जो येणार असेल त्याचेच नाव सांगावे.

(३) शाळा सुटताना मूल आज काय खेळले, ते न्यावयास आलेल्यास एका वाक्यात सांगावे.

जी माता स्वतः कधी शाळेत बसली नाही, तिला त्या एका वाक्यातूनच शाळा कळते. आणि दुसऱ्या दिवशी मुलास ती निर्धास्तपणे पाठविते.