जीपीएस बंद पडलं तर?

मागच्या डिसेंबरमध्ये मामाच्या शिडाच्या बोटीतून मुंबईला परतताना भर रात्री जीपीएस बंद पडलं. माझी टरकलीच! मामा मात्र शांत. म्हणाला, "दीपगृहं बघ."

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, त्यावरून ते ओळखता येतं. हातातल्या होकायंत्रावर कुलाब्याचं प्राँग्ज ४५ अंशांवर दिसलं, खांदेरीचं १३५ वर. नकाशावर त्या दीपगृहांपासून उलट दिशेच्या, म्हणजे २२५ आणि ३१५ अंशांच्या, रेघा ओढल्या. छेदल्या तिथे आम्ही!

रेघांमधला कोन ९० च्या आसपास हवा. फार लहान असला तर अंशभराची चूकही महागात पडते. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, त्यामुळे दुरुस्ती लागली नाही.

ड्रॉइंगचा तास कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनो, पेन्सिल जपून ठेवा!