वाडा पाहिला, परसबाग केली

मंडळी, आता तुम्हांला वाचता येते. सही करता येते. एस.टी.ची पाटी कुणाला विचारावी लागत नाही. मग या विद्येचा पुढे उपयोग काय करावा? आम्ही सांगतो. चार चांगल्या जागा पाहाव्यात. पाहिलेले वहीत टिपून घ्यावे. आणि त्यातले एक तरी घरी करून पाहावे.

वडनेर भोलजीच्या आपल्या प्रौढ वर्गातली पंधरा माणसे घेऊन आम्ही सिंदखेड राजाला गेलो होतो. त्या सहलीची ही हकिकत आहे.

निघण्यापूर्वी

वर्गात दोन शेजारणी आहेत. एकीला आपण मावशी म्हणू, दुसरीला काकू. दोघींची घरे भिंतीला भिंत लागून. पण दोन वर्षे दोघींचे बोलणे बंद होते. कारण काय? मोरीचे पाणी. मावशींच्या न्हाणीचे पाणी काकूंच्या दारापुढे साचायचे. त्यात डास झाले. एका पावसाळ्यात काकूंच्या नातवाला डेंग्यूचा ताप आला. पोर दवाखान्यात आठ दिवस होते. ते वाचले, पण दोन घरांचे मन तुटले. वर्गातही एक या टोकाला बसायची, एक त्या टोकाला. सहलीच्या गाडीतही तसेच.

आम्ही सर्वांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात 'काय पाहिले', दुसऱ्यात 'असे का केले असेल', तिसऱ्यात 'आपल्या घरी काय करता येईल'. ज्याला लिहायला जड जाईल त्याने चित्र काढावे, असेही सांगितले.

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची धास्ती नव्हती. पहाटे निघालो. मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून बुलढाणा. पुढे चिखली, देऊळगाव राजा आणि मग सिंदखेड राजा.

वाडा कुणाचा?

सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबई-नागपूर जुन्या रस्त्याला लागून राजे लखुजीराव जाधवांचा वाडा उभा आहे. भला उंच दगडी दरवाजा. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. आईचे नाव म्हाळसाबाई. जिजाऊंचा विवाह शहाजीराजे भोसल्यांशी झाला, आणि त्यांच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले. जन्माची जागा पाहताना आमच्या मंडळींनी न सांगता चपला काढल्या.

लखुजीरावांचा शेवट वाईट झाला. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, दगा करून त्यांना मारले. त्यांची मुलेही मारली गेली. त्याच सुमारास, १६३० साली, दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. पुण्याची वस्तीही आदिलशाही फौजेने उजाड केली. पुढे जिजाऊ बाळ शिवाजीला घेऊन पुण्यात राहिल्या. ते उजाड गाव पुन्हा वसवले गेले. सोन्याचा फाळ लावून तिथली जमीन नांगरली, अशी कथा लोक सांगतात. उजाड जागा पुन्हा हिरवी करणे हे काम बाईमाणसाच्या देखरेखीखाली झाले, हे आमच्या वर्गातल्या बायांनी वहीत ठळक लिहून घेतले.

बगीचा पाहताना

वाड्याच्या बाजूला नगरपरिषदेने बगीचा केला आहे. सहलीचा थकवा तिथे निघतो. दशम्या सोडल्या, चटणी-कांदा झाला. कुणी फुलझाडांची नावे टिपू लागले, कुणी सावली कुठे पडते ते पाहू लागले.

एका आजीने हळूच एक फांदी मोडून पिशवीत टाकली. घरी लावायची म्हणे. आम्ही म्हटले, "आजी, ही जागा सर्वांची आहे. पंधरा जणांनी पंधरा फांद्या नेल्या तर उद्या येणाराने काय पाहायचे?" आजी ओशाळल्या. मग आम्ही त्यांना आज्ञापत्राची गोष्ट सांगितली. रामचंद्रपंत अमात्य हे शिवकाळातले मोठे मुत्सद्दी. स्वराज्याचा कारभार कसा चालवावा हे त्यांच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात लिहिले आहे. आरमाराला लाकूड लागले तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, असा त्यात हुकूम आहे. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. जुने झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. राजाला जी रीत, तीच आपल्याला. रोप हवे तर रोपवाटिकेतून आणावे, नाहीतर शेजाऱ्याला मागावे.

एक चांगला प्रश्न

मग मावशींनी विचारले, "गुरुजी, बाग तं पाह्यला. पन याले पानी कुठून येते? आन् त्या राजाच्या वाड्याले कुठून येत होतं?"

मंडळी, आम्हांला लाज वाटली. शाळेत असताना आम्ही दरवर्षी पावसाळ्यात पोरांकडून झाडे लावून घेतली. खड्डे केले, रोपे लावली, टाळ्या वाजल्या. मे महिन्यात पाहावे तर काड्या उभ्या. वर्षानुवर्षे हेच. कारण आधी झाड आणले, पाण्याचा विचार मागून केला. मावशींनी पहिल्याच दिवशी पाणी विचारले.

उत्तर शोधायला सर्वांना घेऊन आम्ही गावातले तलाव पाहिले. मोती तलाव जाधवांच्या काळातला. त्याचा दगडी बांध समोरून किल्ल्यासारखा दिसतो. पावसाचे वाहून जाणारे पाणी त्या बांधाने अडवले. दुसरा चांदणी तलाव. त्याच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. शिवाय पुतळा बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्या दगडांवर मूर्ती कोरल्या आहेत.

आता क्रम पाहा. पाऊस चार महिने पडतो, तहान बारा महिने लागते. म्हणून आधी पाणी अडवावे, साठवावे, मग वस्ती आणि बाग करावी. हा क्रम राजाच्या वाड्याला लागू आणि आपल्या पत्र्याच्या घरालाही लागू.

घरचा हिशेब

परतीच्या गाडीत आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही मांडा.

घरात पाच माणसे. आंघोळीला प्रत्येकी एक बादली. भांडी घासायला दोन बादल्या. एकूण सात बादल्या. एका बादलीत १५ लिटर पाणी धरले तर रोजचे १०५ लिटर झाले. महिन्याचे ३,१५० लिटर. एवढे पाणी आपण गल्लीत सोडतो, आणि वर म्हणतो की झाडाला पाणी नाही!

आता छपराचा हिशेब. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. छप्पर २० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर १४,००० लिटर होतात. पाचवा हिस्सा सांडला असे समजा. तरी ११,२०० लिटर उरतात. हे पाणी गोडे असते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी खारे, तिथे त्याचे मोल फार. पहिल्या पावसाचे पाणी मात्र सोडून द्यावे. त्यात छपराची धूळ व घाण असते. टाकी झाकलेली ठेवावी.

परसबाग कशी करावी?

१. न्हाणीपासून वीतभर खोल चर काढावा. उतार झाडांकडे द्यावा, घराच्या पायाकडे नको.

२. चराच्या तोंडाशी बुडाला भोके पाडलेला जुना माठ ठेवावा. त्यात खडी आणि वर गवत घालावे. केस, खरकटे, गाळ त्यात अडकतो. गवत दर आठवड्याला बदलावे.

३. पुढे पाण्याची आवड असलेली झाडे लावावीत. आधी कर्दळ, मग केळ. थोडे दूर पपई आणि शेवगा.

४. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी झाडांना घालू नये. त्यातल्या क्षाराने जमीन बिघडते. त्यासाठी वेगळा शोषखड्डा करावा. आपली काळी माती पाणी हळू पिते, म्हणून खड्ड्यात दगड-गोटे नीट भरावेत.

५. कोथिंबीर, मुळा अशी कच्ची खायची भाजी सांडपाण्यावर घेऊ नये. तिला चांगले पाणी द्यावे.

६. जिथे पाणी खारे आहे तिथे लिंबू, केळ आणि घेवडा यांच्या मागे लागू नये. कडुनिंब, बोर, पालक ही झाडे खारे पाणी जास्त सोसतात.

७. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. ओल टिकते, आणि क्षार वर येणेही कमी होते.

८. मोठे झाड भिंतीला चिकटून लावू नये. दहा-बारा फूट दूर लावावे. पश्चिमेला लावले तर दुपारचे ऊन अडते.

आणि एक नियम कधी मोडू नये. पाणी साचू देऊ नये. डासाच्या अंड्यापासून नवा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. माठ, रांजण, टायर, कुंडीखालची ताटली सारे रिकामे करून पुसून घ्यावे.

पुढे काय झाले?

सहलीनंतर तिसऱ्या दिवशी मावशींनी कुदळ उचलली. चर काढायचा तर तो काकूंच्या भिंतीच्या कडेने जाणार होता. विचारावे तर लागणार! मावशींनी वही नेली. तिसऱ्या रकान्यात त्यांनी चराचे चित्र काढले होते. खाली मोडक्या अक्षरांत लिहिले होते, "पानी तुमच्या दारी येनार नाही."

काकूंनी ते वाचले. स्वतः वाचले, कुणाकडून वाचून घ्यावे लागले नाही. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा फावडे घेऊन आला. दोन्ही घरांचा चर एक झाला. हद्दीवर तीन केळी लावल्या.

दारापुढचे डबके गेले. वर्षभरानंतर पहिला घड आला. तो दोघींनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. दोघींचे बोलणे अजून थोडेच आहे. पण वर्गात आता त्या एका सतरंजीवर बसतात.

मंडळी, एवढा मोठा वाडा आपल्याला बांधता येणार नाही. पण वाड्याचे शहाणपण घरी आणता येते. ते आणायला पैसा लागत नाही. डोळे उघडे आणि वही उघडी असली म्हणजे झाले. तुम्हीही एकदा जाऊन या. १२ जानेवारीला तिथे मोठी गर्दी असते, निवांत पाहायचे तर दुसरा दिवस धरा.

अभ्यास

१. जिजाऊंचा जन्म कोणत्या साली व कोठे झाला?

२. मोती तलावाचा बांध कशासाठी बांधला असेल?

३. तुमच्या घरात रोज किती बादल्या पाणी वाया जाते? मोजा आणि लिहा.

४. कपडे धुण्याचे पाणी झाडांना का घालू नये?

५. आजींनी फांदी तोडली त्यात काय चुकले? आपसांत बोला.

६. वहीत तीन रकाने आखा. आपल्याच गावातली एक विहीर किंवा बाग पाहून ते भरा.

नवे शब्द

बारव – पायऱ्यांची मोठी विहीर.

परसबाग – घरामागची भाजीपाल्याची, फळाफुलांची छोटी बाग.

शोषखड्डा – सांडपाणी जमिनीत जिरवण्याचा खड्डा.

मुत्सद्दी – राज्यकारभारात हुशार असलेला माणूस.