रक्तवंश आणि त्याची कसोटी

हिवाळ्याच्या दिवसांत जयपूरच्या रामबाग मैदानावर पोलोचे सामने रंगतात, तेव्हा प्रेक्षकांची नजर स्वाभाविकपणेच खेळाडूंवर खिळलेली असते. परंतु त्यांच्या मांडीखालचे घोडे कोणत्या जातीचे आहेत, हा प्रश्नही तितकाच विचारणीय आहे. राजस्थान ही मारवाडी अश्वाची भूमी. आत वळलेल्या कानांचा हा देखणा घोडा त्या प्रदेशाच्या इतिहासाशी एकरूप झालेला आहे. तथापि आधुनिक पोलोच्या मैदानावर प्राधान्याने दिसतो तो थरोब्रेड जातीचा घोडा. जुन्या संस्थानी अश्वपथकांतून १९५३ साली उभारलेल्या आणि पुढे जयपुरात स्थिरावलेल्या ६१ व्या अश्वदलाने पोलोची परंपरा जोपासली, तीही पुष्कळ अंशी याच जातीच्या बळावर. शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेले अनेक घोडे नव्याने शिकवून पोलोसाठी तयार केले जातात. म्हणजे ज्या गुणांसाठी या घोड्याची निपज झाली ते गुण शर्यतीचे होत. पोलोला त्यांचा लाभ मिळाला इतकेच.

दोन जातींची पारख करण्याच्या रीतीतही मोठा फरक आहे. मारवाडी घोडा निवडताना परंपरेने त्याच्या अंगावरील भोवरे, कानांची ठेवण, रंग आणि चाल यांना महत्त्व दिले जाई. शुभाशुभ लक्षणांचे एक संपूर्ण शास्त्रच त्यातून निर्माण झाले. थरोब्रेडच्या बाबतीत मात्र एकच लक्षण निर्णायक मानले गेले : ठरावीक अंतर इतरांच्या आधी पार करण्याची क्षमता. रूप कसेही असो, जो जिंकला त्याची संतती वाढवावी, हे या पैदाशीचे मूळ सूत्र होय.

तीन पूर्वज

जयपूर नगराची स्थापना १७२७ साली झाली. त्याच सुमारास, म्हणजे दोन-तीन वर्षांनंतर, पूर्वेकडील रक्ताचा एक घोडा इंग्लंडात पोहोचला. तो पुढे गोडॉल्फिन अरेबियन या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या आधी बायर्ली टर्क आणि डार्ली अरेबियन हे दोन घोडे तेथे आलेले होते. स्थानिक घोड्यांशी झालेल्या त्यांच्या संकरातून थरोब्रेड जात आकारास आली. आज जगातील प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा या तिघांपैकी कोणा एकापर्यंत जाऊन पोहोचते. मात्र तिघांचे भाग्य सारखे नाही. डार्ली अरेबियनचा खापरपणतू एक्लिप्स हा १७६९ आणि १७७० या दोन वर्षांत अठरा शर्यती धावला व एकदाही हरला नाही. आजच्या थरोब्रेडांपैकी शेकडा ९० हून अधिक घोड्यांची पितृपरंपरा त्याच्याकडे जाते. बायर्ली टर्कची शाखा हेरॉड या घोड्यामार्फत आणि गोडॉल्फिनची मॅचेम या घोड्यामार्फत पुढे चालली. परंतु दोन्ही आता क्षीण झाल्या आहेत.

येथे वाचकाने एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पितृपरंपरा म्हणजे केवळ बाप, बापाचा बाप अशी एकेरी साखळी होय. घोड्याचा एकूण वारसा त्याहून कितीतरी व्यापक असतो, कारण प्रत्येक पिढीत निम्मा वाटा मातेचा असतो. अनुवंशशास्त्रीय अभ्यासात असे आढळले आहे की, पितृपरंपरेत जवळजवळ लोप पावत चाललेल्या गोडॉल्फिन अरेबियनचा एकूण वारशातील वाटा डार्ली अरेबियनपेक्षा मोठा आहे. वंशावळीच्या वरच्या ओळीतील नावावर भाळून खालच्या ओळीकडे दुर्लक्ष करणाऱ्याची फसगत का होते, याचे उत्तर यात आहे.

पैदाशीचा नर

तरीही अश्वपैदास केंद्रात नराचेच नाव गाजते, यामागे एक साधा हिशेब आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. त्यामुळे ती वर्षाकाठी एकच शिंगरू देऊ शकते. उलट मागणी असलेला नर एका हंगामात शंभराहून अधिक घोड्यांना फळवू शकतो. त्याचे गुणदोष अल्पकाळातच संपूर्ण जातीत पसरतात. थरोब्रेडच्या नोंदणीचा नियम असा आहे की, समागम नैसर्गिकच असला पाहिजे; कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराची नोंद वंशग्रंथात होत नाही. त्यामुळे उत्तम नर प्रत्यक्ष जेथे असेल तेथे घोडी न्यावी लागते, आणि त्याच्या सेवेचे मूल्य त्याच्या संततीच्या यशाबरोबर चढते वा उतरते. शर्यतीत धावणाऱ्या पुष्कळ घोड्यांना खच्ची केले जाते. त्यांच्यापुरता वंश तेथेच संपतो. पैदाशीसाठी राखले जाणारे नर मोजकेच असतात, आणि त्यांतूनही खरोखर यशस्वी होणारे आणखी थोडे.

बडोद्याचे दोन घोडे

रक्तवंशाचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचे उत्तम उदाहरण एका मराठी राजघराण्याच्या तबेल्यात सापडते. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडात एक वर्ष वयाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. ही त्या काळातील विक्रमी किंमत होती. ते शिंगरू तोवर एकदाही धावलेले नव्हते. किंमत दिली गेली ती रक्ताची. त्याचा पिता निअर्को हा इटलीत फेदेरिको तेसिओ यांनी पैदा केलेला, चौदाही शर्यतींत अपराजित राहिलेला घोडा होता. आणि त्याच्या सख्ख्या भावाने, दांतेने, त्याच वर्षी डर्बी जिंकली होती. महाराजांनी शिंगराचे नाव ठेवले सयाजीराव. १९४७ साली तो डर्बीत तिसरा आला; मात्र आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या शर्यती त्याने जिंकल्या. पुढे त्याचा पुत्र इंडियाना याने १९६४ साली सेंट लेजर जिंकली, तर त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ साली अॅस्कॉट गोल्ड कप मिळवला. या दोन्ही लांब पल्ल्याच्या शर्यती होत. दमदारपणा हा पित्याचा गुण संततीत उतरला होता.

महाराजांचा दुसरा घोडा माय बाबू याची कथा याहून बोधप्रद आहे. १९४८ साली त्याने टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडमधील मानाची शर्यत जिंकली. तथापि इंग्लंडच्या अधिकृत वंशग्रंथानुसार तो थरोब्रेड नव्हताच! या वंशग्रंथाचा पहिला खंड १७९३ साली निघाला होता. १९१३ साली त्यात असा नियम करण्यात आला की, ज्याचे सर्व पूर्वज आधीच्या खंडांत नोंदलेले असतील त्याच घोड्याला प्रवेश मिळेल. लॉर्ड जर्सी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमाचा रोख अमेरिकन घोड्यांवर होता, कारण त्यांतील अनेकांच्या पूर्वजांच्या नोंदी अपूर्ण होत्या. माय बाबूचा पिता जेबेल हा फ्रेंच घोडा; त्याच्या कुळात असे अमेरिकन रक्त आलेले होते. त्याच वर्षी सेंट लेजर जिंकणारा ब्लॅक टारक्विन हाही या नियमाने ‘अशुद्ध’ ठरत होता. शुद्ध म्हणवणारे घोडे मागे राहावेत आणि अशुद्ध ठरवलेल्यांनी मानाच्या शर्यती जिंकाव्यात, ही विसंगती फार काळ टिकणे शक्य नव्हते. १९४९ साली नियम शिथिल करण्यात आला. शुद्ध रक्ताच्या आठ-नऊ पिढ्या, सुमारे शंभर वर्षांचा माग आणि निकटच्या कुळाची शर्यतीतील कामगिरी, हे निकष आता पुरेसे मानले गेले. कागदाने मैदानापुढे घेतलेली ही माघार होती.

माय बाबू पुढे अमेरिकेस गेला. तेथे त्याच्या केरला नावाच्या कन्येच्या पोटी डमॅस्कस जन्मला, आणि १९६७ साली तो त्या देशातील सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. डमॅस्कसच्या पितृपरंपरेत माय बाबूचे नाव नाही. ते मातेच्या बाजूस आहे.

भारतातील पैदास

भारतात थरोब्रेडच्या वंशनोंदणीचे कार्य पुण्यातून चालते. येथील पैदास दीर्घकाळ आयात केलेल्या नरांवर विसंबून राहिली आहे. परदेशातील सर्वोत्कृष्ट नर सहसा विक्रीस येत नाहीत. म्हणून रक्त उत्तम परंतु कामगिरी अपेक्षेहून उणी, अशा घोड्यांवर भारतीय पैदासकाराची दृष्टी राहिली. रझीन हे याचे ठळक उदाहरण. विख्यात नॉर्दर्न डान्सरचा हा पुत्र १९९० च्या डर्बीत मोठ्या अपेक्षेने उतरला आणि पार मागे पडला. हरयाणातील उषा स्टड या केंद्रात आल्यावर मात्र त्याची संतती वर्षानुवर्षे भारतीय शर्यतींत अग्रेसर राहिली. नॉर्दर्न डान्सर हा निअर्कोचा नातू. म्हणजे बडोद्याच्या सयाजीरावाचे आणि रझीनचे मूळ एकच.

याचा अर्थ रक्त अमोघ असते असा मात्र नव्हे. निअर्कोची सगळीच संतती श्रेष्ठ निघाली नाही, आणि दोन सख्ख्या भावांत एक विजेता व दुसरा सामान्य निघणे हा नित्याचा अनुभव आहे. वंशावळ शक्यता सांगते, निकाल सांगत नाही. शिवाय मोजक्याच नरांचा अतिरेकी वापर झाल्याने जातीचा पाया अरुंद होत जातो, अंतःप्रजनन वाढते, आणि दुर्बलता व वंध्यत्व यांचा धोका संभवतो. वेगाच्या लोभाने पूर्वजांची विविधता गमावणे हे उद्याचे भांडवल आज खर्च करण्यासारखे आहे.

म्हणूनच शहाणा पैदासकार वंशावळ वाचतो, पण तिच्यापुढे डोळे मिटत नाही. पित्याच्या ओळीबरोबर मातेची ओळ, कीर्तीबरोबर पायांची मजबुती आणि विजयांबरोबर स्वभाव तो पाहतो. जयपूरच्या मैदानावर क्षणात थांबणारा आणि क्षणात वळणारा निवृत्त शर्यतीचा घोडा याच व्यापक दृष्टीची साक्ष देतो. शर्यतीत तो कदाचित कधीच पहिला आला नसेल. परंतु त्याच्या रक्तातील वेग, दम आणि धीटपणा यांना वेगळ्या खेळात वाव मिळाला. रक्ताने दिलेल्या देणगीचे मोल ती कोठे व कशी वापरली जाते यावर ठरते, हेच या तीनशे वर्षांच्या इतिहासाचे सार होय.