कॅल्क्युलेटरचं घड्याळ: रेवसच्या खाऱ्या हवेत पडतं केवढ्याला?

पेटीवर छापलेली किंमत ही घड्याळाची पुरी किंमत नव्हे. पुण्यात ते कदाचित खपून जाईल. अलिबाग तालुक्यातल्या रेवसला, जिथे घराच्या खिडकीच्या गजालाही दर दोन वर्षांनी रंग काढावा लागतो, तिथे नाही. मनगटावर आकड्यांची बटणं असलेलं ते जुन्या धाटणीचं डिजिटल घड्याळ पुन्हा दुकानांत दिसू लागलंय. कॉलेजची मुलं फॅशन म्हणून घेतात, चाळिशी-पन्नाशीतले लहानपणी न मिळालेलं म्हणून घेतात. दोघांनीही आधी हिशेब करावा. हिशेबाचंच घड्याळ आहे ते.

थोडा इतिहास, कारण जुन्या मालाच्या किमती त्यावरच फुगवल्या जातात. अमेरिकेतल्या पल्सरने 1975 च्या अखेरीस असं पहिलं घड्याळ काढलं, अठरा कॅरट सोन्याचं, किंमत 3,950 डॉलर. 1977 साली ह्युलेट-पॅकार्डचं आलं, तेही साहेबलोकांसाठीच. सामान्य माणसाच्या हाती ते आणलं जपानच्या कॅसिओने, 1980 च्या सी-80 पासून. त्याच वर्षी अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न तेव्हापासून आपल्याला दाखवलं जातंय. घड्याळ वेळेत पोचलं, एवढंच म्हणतो. कोकणात ते बहुतेक घरांत आखातातून सुट्टीवर आलेल्या काका-मामाच्या बॅगेतून उतरलं. आज दुकानात नवं मिळतं ते मुख्यतः सीए-53डब्ल्यू, ऐंशीच्या दशकातलंच मॉडेल, फारसं न बदललेलं. पुढचा हिशेब त्यालाच धरून केलाय.

नवं घड्याळ साधारण दोन ते तीन हजारांत येतं. छापील किमतीत जीएसटी धरलेला असतो, तेव्हा 'बिल हवं असेल तर वेगळे द्यावे लागतील' असं कुणी म्हणालं तर त्या दुकानाची पायरी उतरा. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड दोन्ही घ्या. हुबेहूब तसंच दिसणारं घड्याळ पाच-सहाशेत फुटपाथवर आणि मोबाइलवरच्या बाजारातही मिळतं. कंपनीचं नाव एका अक्षराने चुकलेलं असतं, किंवा नाव बरोबर आणि बाकी सगळं चूक. अलिबागला एसी दुकानात बसणाऱ्याच्या हातात ते दोन वर्षं चालेलही. धक्क्यावर राबणाऱ्या हातात वर्षाकाठी एक धरा. दहा वर्षांत पाच हजार झाले, आणि दहा घड्याळं कचऱ्यात गेली ती वेगळीच.

पाण्याचं काय?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. मागच्या झाकणावर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं, पुढे मीटरचा आकडा नसतो. त्याचा अर्थ पावसाचे थेंब, हात धुताना उडालेले शिंतोडे, चेहऱ्यावरचा घाम. बस, एवढंच. पोहायचं असेल तर झाकणावर निदान 50 मीटर छापलेलं लागतं, आणि तो आकडाही 'पन्नास मीटर खोल जा' असं सांगत नाही. ती कारखान्यातली दाबाची चाचणी असते. कॅल्क्युलेटरच्या घड्याळाला सोळा बटणं समोर, वर कडेची वेगळी. ओली असताना बटणं दाबू नका. लाँचच्या पुढच्या फळीवर बसून करंजाहून येताना खाडीचा तुषार उडतो, तो सोसेल. पण जाळं ओढताना, बोट धुताना किंवा ओहोटीला चिखलातून उतरताना घड्याळ खिशात, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत.

खरा शत्रू मात्र पाणी नाही, पाणी सुकल्यावर मागे उरणारं मीठ आहे. ते बटणांच्या कडेला साचतं, झाकणाच्या चार बारीक स्क्रूंना गंज चढवतं, आणि सगळ्यात आधी खातं पट्ट्याच्या पिना. या पिना पोलादाच्या, आत स्प्रिंग असलेल्या. दिसत नाहीत म्हणून कुणी बघत नाही. एक दिवस पिन तुटते आणि अडीच हजारांचं घड्याळ धरमतरच्या खाडीत जातं. पिनांच्या जोडीची किंमत दहा-वीस रुपये. दर पावसाळ्यात दोन्ही पिना बदलून घ्या, जुन्या चांगल्या दिसत असल्या तरी. या लेखातला एकच सल्ला पाळणार असाल तर हा पाळा.

रोजची देखभाल फुकटची आहे. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं बटणांवरून, कडेवरून, पट्ट्याच्या आतून फिरवायचं आणि सुक्या फडक्याने टिपायचं. नळाखाली धरायचं नाही. काच प्लॅस्टिकची असते, मासळीची खवलं आणि बर्फाचे खडे तिला ओरखडे पाडतात. बारीक ओरखडे टूथपेस्टने हळू घासले तर बरेचसे जातात. खोल असतील तर सोडून द्या.

पट्टा रबरासारखा दिसतो, पण तो रेझिनचा. घाम, उष्मा आणि दमट हवा मिळून तो तीन-चार वर्षांत ताठ होतो, मग भोकाजवळ चिरतो. कंपनीचा पट्टा चार-सहाशेत, साधा दीड-दोनशेत. साधा घेताना घड्याळ सोबत न्या. टोकाचा आकार केसशी जुळला नाही तर फट राहते, आणि त्या फटीत मीठ साचतं. कापडी पट्टा इथे नकोच. तो ओला राहतो आणि चार दिवसांत त्याला बाजारातल्या पाटीचा वास लागतो.

सेल सीआर2016 नावाचा, सपाट, रुपयाच्या नाण्यासारखा. कंपनी पाच वर्षांचं आयुष्य सांगते. सेल स्वतः पन्नास-शंभराच्या आत येतो, बसवायची मजुरी धरून दीडशेपर्यंत द्यायला हरकत नाही. रेवसहून अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर. एसटीचं जाणं-येणं सेलच्या किमतीपेक्षा जास्त पडतं, म्हणून बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या फेरीला जोडूनच हे काम काढा. दुकानदाराला दोन गोष्टी सांगा. एक, झाकणाखालची रबरी रिंग काढून पुसायची, तिला सिलिकॉन ग्रीसचा हात लावायचा आणि मगच बसवायची. पाणी अडवते ती हीच रिंग, आणि घाईत नेमकी हीच वाकडी बसते. दोन, सेल टाकूनही पडद्यावर काहीच उमटलं नाही तर 'मशीन गेलं' असं लगेच म्हणू नका. बऱ्याच कॅसिओच्या आत 'एसी' अशी खूण असते. तो बिंदू आणि सेलची वरची बाजू धातूच्या चिमट्याने क्षणभर जोडली की घड्याळ पुन्हा जागं होतं. ही खूण ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगली घड्याळं भंगारात गेली असतील.

आता बेरीज. घड्याळ अडीच हजार, दहा वर्षांत दोन सेल मजुरीसकट तीनशे, दोन पट्टे हजार, पिना आणि किरकोळ दोनशे. झाले चार हजार. वर्षाला चारशे, दिवसाला साधारण रुपया दहा पैसे. महाग नाही. पण हाच पैसा वेगळा खर्च करता येतो का, तेही बघू. कॅसिओचंच साधं एफ-91डब्ल्यू हजार-बाराशेला मिळतं. त्याला दिवा आहे आणि सेल सात वर्षं चालतो. सोबत दीड-दोनशेचा खिशातला कॅल्क्युलेटर घेतला तर त्यावर टक्क्याचं बटण आणि मेमरीसुद्धा मिळते. दोन्ही मिळून निम्म्या किमतीत जास्त काम. म्हणजे कॅल्क्युलेटरचं घड्याळ ही हौस आहे. ती जरूर करावी, पण 'काटकसर' म्हणून घरच्यांना पटवायला जाऊ नये. पकडले जाल.

काम कितपत देतं?

आठ आकड्यांपर्यंत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. टक्क्याचं बटण नाही. अठरा हजार चारशे पन्नासच्या मालावर सहा टक्के दलाली काढायची तर 18450 ला .06 ने गुणायचं, 1107 येतात. आकडे ज्या क्रमाने दाबाल त्याच क्रमाने ते हिशेब करतं, म्हणून 2 + 3 × 4 दाबलं तर उत्तर 20 येतं, शाळेतलं 14 नाही. वाटणीला हा स्वभाव सोयीचा पडतो. समजा माल 18,450 चा गेला, डिझेल-बर्फाचे 7,200 वजा, उरलेल्यात निम्मा भाग बोटीचा आणि निम्मा पाच खलाशांचा. 18450 − 7200 ÷ 2 ÷ 5 असं सरळ दाबत गेलं की माणशी 1,125. भाव एकच आणि वजनं वेगवेगळी असतील तर आणखी एक सोय आहे. 280 दाबून गुणाकाराचं चिन्ह दोनदा दाबा, की भाव पक्का होतो. मग साडेतीन किलोला 3.5 आणि बरोबर, 980. सव्वादोनला 2.25 आणि बरोबर, 630. भाव पुन्हा दाबायचा नाही.

ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही, या घड्याळाची बटणं देतात. पण ओली असताना ती दाबू नका, असं मीच वर सांगितलंय. तेव्हा निदान एक बोट पुसा. दाबायचं नखाने किंवा पेनाच्या टोपणाने, निबाने नाही. ज्यांची बोटं दोरखंड ओढून जाड झाली आहेत त्यांनी दुकानात उभं राहून आधी चार हिशेब करून पाहावेत. चारपैकी दोन चुकत असतील तर पैसे खिशातच ठेवा.

मोठी उणीव दिव्याची. सीए-53डब्ल्यूला दिवा नाही. पहाटे अंधारात बोट लागते, मासळीचा बाजार उजाडायच्या आत सुरू होतो, आणि नेमका तेव्हा पडदा वाचता येत नाही. पहाटेचं काम असणाऱ्याने कॅसिओचंच दिवा असलेलं महागडं 'डेटाबँक' मॉडेल बघावं, नाहीतर हा नाद सोडावा. महिन्याला तीस सेकंदांपर्यंत वेळ पुढेमागे होणं कंपनीच्या हिशेबात बसतं. लाँच गाठायला तेवढ्याने बिघडत नाही. दुसऱ्या ठिकाणची वेळ लावायची सोय मात्र आपल्याकडे खरंच उपयोगी. मुलगा दुबईला असेल तर दीड तास मागे लावून ठेवा, अवेळी फोन जायचा नाही.

भरतीच्या वेळेचंही बघा. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने सांगतात. सप्तमीला 7 × 3 ÷ 4, घड्याळ दाखवतं 5.25. ही पाच वाजून पंचवीस मिनिटं नव्हेत, सव्वापाच आहेत. घड्याळ तासाचं असलं तरी त्यातलं गणित दशांशाचं. पंचवीस धरून निघालात तर दहा मिनिटांची चूक आधीच पदरात. आणि मुळात हा अंदाजच आहे, गाळ भरलेल्या धक्क्यावर जीव टांगायचा तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघावं.

आता जुनं घड्याळ. कपाटात आखाती काकांचं पडलेलं असेल तर आधी सेल काढा, वर्षानुवर्षं तसाच ठेवू नका. आतले संपर्क हिरवे पडले असतील तर कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसता येतात. शे-दोनशे घेऊन कारागीर एवढं करून देईल. पडद्यावर काळा डाग पसरलेला असेल किंवा आकड्यांच्या रेघा गायब असतील तर पुढे पैसे घालू नका. पडदा मिळत नाही, मिळाला तर दुसरं तसंच घड्याळ फोडूनच मिळतो. 'ओरिजिनल व्हिंटेज' म्हणून पाच-सात हजार मागणाऱ्याला एकच गोष्ट सांगा: सगळी बटणं, सगळ्या रेघा, गजर आणि कॅल्क्युलेटर माझ्यासमोर चालवून दाखव. नाही म्हणाला तर बोलणं संपलं.

दहावी-बारावीच्या मुलाला बक्षीस म्हणून देणार असाल तर ते परीक्षेला घालता येणार नाही हे आधीच सांगा. कॅल्क्युलेटर बोर्डाच्या परीक्षेत चालत नाही, आणि नीटला तर कुठलंच घड्याळ आत नेऊ देत नाहीत. घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल टेबलावर विसरू नका. गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, अशा वेळी वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं. वॉरंटीच्या काळात दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. फोन करताना बिल, वॉरंटी कार्ड आणि घड्याळाच्या झाकणावरचा मॉडेल नंबर समोर ठेवा. पिना, पट्टा, रिंग ही सगळी कामं जून-जुलैच्या मासेमारी बंदीत उरकून घ्या. तेव्हा अलिबागला जायला वेळ असतो, आणि चार दिवस घड्याळ दुकानात राहिलं तरी अडत नाही.