रिपोर्टातली दुसरी ओळ

२०१४ साली उजव्या स्तनात गाठ लागली म्हणून सुईची बायोप्सी केली. रिपोर्ट देताना काउंटरवरच्या मुलीनंच सांगून टाकलं, "काकू, कॅन्सर नाहीये." माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी येताना पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि फाइल साड्यांच्या खाली गेली. सर्जनना कागद दाखवायला जायचं होतं, ते राहिलंच. मुलीची बारावी होती त्या वर्षी.

सात वर्षांनी त्याच बाजूला पुन्हा गाठ लागली. नव्या डॉक्टरांनी आधी जुना कागद मागितला आणि पेनाचं टोक दुसऱ्या ओळीवर टेकवलं: 'एटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया'. खाली बारीक अक्षरांत सल्लाही होता, तो भाग शस्त्रक्रियेनं काढून तपासावा. माझ्याच घरात सात वर्षं पडून असलेली ती ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. या वेळचा रिपोर्ट कॅन्सरचा होता. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. आज मी बरी आहे.

'साधी गाठ' हा शब्द आपण सरसकट वापरतो, तिथेच फसतो. पाण्याची गाठ किंवा साधी फायब्रोअ‍ॅडिनोमा असेल तर पुढच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ वाढत नाही. बहुतेक गाठी अशाच असतात, म्हणून गाठ लागली की हाय खाऊ नका. पेशींची संख्या वाढली पण रूप सरळ राहिलं, तर धोका दीड ते दोन पट. संख्या वाढली आणि रूपही बिघडलं, म्हणजे माझ्यासारखं, तर सुमारे चौपट. ही प्रतवारी डुपाँ आणि पेज यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधून मांडली, ती आजही चालते. 'एलसीआयएस' (लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू) लिहिलं असेल तर धोका त्याहूनही जास्त. त्याच्या नावात कार्सिनोमा आहे, पण डॉक्टर त्याला कॅन्सर न मानता धोक्याची खूण मानतात.

चौपट म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही. पेशींचं रूप बिघडलेल्या शंभर बायकांमध्ये पंचवीस वर्षांत साधारण तिसांना तो होतो. मात्र धोका दोन्ही स्तनांना असतो, त्यामुळे तपासणी दोन्हीकडची हवी. आणि सुईतून शेवयांएवढे बारीक तुकडेच येतात. शेजारीच कॅन्सर असला तर तो निसटू शकतो. भाग काढून तपासायला सांगतात ते यासाठी. पुढे दरवर्षी मॅमोग्राफी, आणि टॅमॉक्सिफेनबद्दल स्वतःहून विचारा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, आधी अशा बिघडलेल्या पेशी सापडलेल्या बायकांचं कॅन्सरचं प्रमाण या गोळीनं ८६ टक्क्यांनी घटलं होतं. रक्तात गुठळी होणं, गर्भाशयाचा त्रास असे तिचे धोकेही आहेत, म्हणून ती प्रत्येकीला देत नाहीत. पण मला हे विचारायची संधीच उरली नाही, याची खंत जात नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या जावेचा रिपोर्ट आला. ओट्याशी उभं राहून आम्ही दोघींनी तो शब्द न् शब्द वाचला. फायब्रोअ‍ॅडिनोमा, पेशींत बिघाड नाही. तिनं मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवून ठेवला. शनिवारी तोच कागद घेऊन आम्ही सर्जनकडे जाऊन आलो.