गोचीड

मुलांनो, बकरी ईदच्या आधी तुमच्यापैकी अनेकांच्या घरी बकरा येतो. तुम्ही त्याला पाला घालता, अंघोळ घालता, त्याच्या गळ्यात हात टाकून बसता. अशा वेळी त्याच्या कानामागे किंवा शेपटीखाली करड्या दाण्यासारखे काहीतरी चिकटलेले दिसते. ती गोचीड. उर्दूत तिला किलनी म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाची नखे लाल दिसली. मी कारण विचारले. तो अभिमानाने म्हणाला, "सर, बकऱ्याच्या गोचिडी मारल्या!" मी त्याला लगेच साबणाने हात धुवायला पाठवले. घाणीमुळे सर रागावले, असे त्याला वाटले. कारण वेगळे होते.

गोचीड ही कोळ्याच्या जवळची. तिला आठ पाय असतात. ती रक्तावर जगते. ती चावली तरी बहुधा दुखत नाही, म्हणून ती अंगावर आहे हे लवकर कळतही नाही. प्रत्येक गोचिडीत रोग नसतो. पण काहींच्या शरीरात विषाणू असतात.

कर्नाटकातील क्यासनूर जंगलात 1957 साली माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. हा रोग गोचिडीमुळे पसरत होता. लोक त्याला माकडताप म्हणतात. आपल्या राज्यातही, सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, 2016 साली तो आला.

दुसरा रोग काँगो ताप. तो गुरे, शेळ्या आणि मेंढ्यांवरील गोचिडींतून येतो. जनावर मात्र आजारी दिसत नाही! 2011 च्या जानेवारीत गुजरातमधील साणंद तालुक्यातील एक स्त्री या तापाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि एक परिचारिका यांचाही मृत्यू झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या रोगाचे निदान केले. गुजरात तर आपल्या खानदेशाला लागूनच आहे. हा विषाणू चाव्यातून येतो, तसाच चिरडलेल्या गोचिडीतून आणि जनावराच्या ताज्या रक्तातूनही येतो. आता लाल नखांची गोष्ट कळली ना?

सुरुवातीला हा ताप साध्या तापासारखाच वाटतो. एकदम ताप चढतो. डोके, मान, पाठ दुखते. चक्कर येते, उजेड सहन होत नाही, उलट्या होतात. पुढे हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागते. तोपर्यंत थांबू नका. ताप येताच डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचे किंवा जनावरे हाताळल्याचे आपणहून सांगा. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.

अंगावर गोचीड दिसली तर काडीने चटका देऊ नका, रॉकेलही लावू नका. बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. मग जागा आणि हात साबणाने धुवा. गोचीड चिरडू नका, चिकटपट्टीत गुंडाळून टाका. शेतात किंवा गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. घरी आल्यावर काखेत, कानामागे, गुडघ्यामागे पाहा. बकऱ्यावरील गोचिडींसाठी गुरांच्या डॉक्टरांकडून औषध आणा. कुर्बानीच्या कामात मोठ्यांना हातमोजे घालायला सांगा.

त्या मुलाला मात्र काही झाले नाही. तरी पुढचे दोन आठवडे हजेरी घेताना मी त्याला रोज विचारत असे, "ताप नाही ना?" आणि सगळा वर्ग हसत असे.