वीटभट्टीवरच्या गरोदर बाईची नोंदणी

प्रश्न : शहापूरच्या पाड्यावरून कल्याणजवळच्या वीटभट्टीवर आलेल्या गरोदर बाईची तपासणी इथे होईल का?

उत्तर : होते. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर उतरतात, आणि गावच्या आशाताईच्या यादीतली बाई नेमकी सातव्या-आठव्या महिन्यात दिसेनाशी होते. पाड्यावरून निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस यांच्या नोंदी त्यावर असतात, त्यामुळे भट्टीजवळच्या उपकेंद्रात तपासणी पुढे चालू राहते. कार्ड राहिले म्हणून बाईला परत पाठवणे मात्र सर्वथा गैर आहे. नवे कार्ड मिळते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी, सारे मोफत आहे.

हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल, तर विटा वाहणे थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे दिसताच मुकादमाची वाट न पाहता 108 ला फोन करावा.